आडनाव बाहेर ठेवून

खांदा कॉलनीतल्या त्या नव्या सभागृहाच्या दाराशी मी चपला काढल्या आणि वाकून सरळ लावल्या. टाचा भिंतीला, अंगठे रस्त्याकडे. शेजारचा जोड तिरका पडला होता, तोही सरळ केला. मग त्याच्या पलीकडचा. असे करत करत दाराच्या दुसऱ्या टोकाला पोचलो, पाठीत कळ आली, तेव्हा कळलं की पन्नाशी ओलांडलेला, चांगली इस्त्रीची कापडं घातलेला एक माणूस लोकांची पायताणं लावत बसलाय. सांगितलं कुणी नव्हतं. हातांना ठाऊक होतं.

आठवड्यापूर्वी माधवरावांचा फोन आला होता. "मंडळाचं सभागृह उभं राहिलं बाबा एकदाचं. संस्थापक कार्यकर्त्यांची संगमरवरी पाटी बसवतोय. तुझं नाव आहे तिच्यावर. नाही म्हणायचं नाही." मी बघतो म्हणालो. फोन ठेवला. पाटी हा शब्द आमच्या घरात साधा नाही. माझा बाप ज्या एका पाटीची वाट बघत होता ती वेगळी होती, आणि तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी मनात आलंच, की दगडावर का होईना, लागतंय तर जावं.

सभागृहात शिरल्या शिरल्या नव्या रंगाचा वास आला. माझ्या नाकाला मात्र पिठाचा हवा होता.

आमचं मंडळ एका पिठाच्या गिरणीच्या वर भरायचं. पनवेलच्या जुन्या आळीत, अरुंद लाकडी जिना, वर एकच लांबट खोली. खाली पट्टा फिरू लागला की वरची जमीन बारीक थरथरायची आणि बोलणाऱ्याचा आवाजही. कितीही ठाम बोललं तरी कंप आल्यासारखं वाटायचं. हरभऱ्याची डाळ दळायला आली की हवा जड व्हायची. तांदूळ असला की कोरडी, नाकाला झोंबणारी. कोपऱ्यात उदबत्ती, तिचा वास त्या पिठाखाली दबून जायचा. भिंतीवर काही नाही. तसबीर नाही, झेंडा नाही. 'व्यक्ती लावली की भक्ती सुरू होते,' असं माधवराव म्हणायचे.

माधवराव आमचे प्रमुख. कॉलेज नुकतंच संपवून शिकवण्या घ्यायचे. उंच, सडपातळ, स्वच्छ पांढरा सदरा. रागावले की आवाज खाली जायचा, म्हणून आम्ही त्यांच्या हळू बोलण्याला घाबरायचो. त्यांच्या खाली कार्यवाह, कार्यवाहाच्या खाली गटप्रमुख, मग आम्ही बाकीचे. दर गुरुवारी संध्याकाळी बैठक. उशिरा येणारा दाराशी उभा राहायचा, बसायचा नाही. मतदान कधी नाही. एकमत होईपर्यंत बोलायचं आणि एकमत बहुतेक माधवरावांच्या बाजूला होऊन थांबायचं.

सुरुवातीला उभं राहून सूत्रं म्हणायची. हक्काच्या आधी कर्तव्य. संप नको, श्रम हवेत. माणसाची किंमत गुणवत्तेवर. परंपरा ही बेडी नव्हे, पाया. पद मागायचं नसतं, ते चालून येतं. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठ्यानं: नाव आत, आडनाव बाहेर.

हा शेवटचा नियम नुसता म्हणायचा नव्हता. जिन्याच्या वरच्या पायरीशी चपला काढायच्या, ओळीत लावायच्या, आणि तिथंच आपलं आडनाव ठेवून आत यायचं. आत कुणाला आडनावानं हाक मारायची नाही, कुणाला विचारायचं नाही. सगळे 'राव'. आमच्यातला सगळ्यात बारका, मिशी न फुटलेला पोरगाही राव.

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. मला काय वाटलं ते सांगतो. आमचं घर उरणच्या वाटेवर, जासईकडचं, मिठागरावरचं. बाप मिठागरावर राबायचा. मुकादम त्याला नावाचा शेवट तोडून, वर 'ए' लावून हाक मारायचा, मोकळ्या खाजणात ती हाक लांबवर ऐकू जायची. मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना सर माझ्या आडनावापाशी अडले. चष्मा पुसला. म्हणाले, "हे नक्की कसं उच्चारतात?" वर्ग हसला. मी उच्चारून दाखवलं, वर्ग परत हसला. आणि त्याच आठवड्यात कुणीतरी मला त्या गिरणीवर नेलं, आणि पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस उठून उभा राहिला, माझ्या नावापुढे राव लावून म्हणाला, "या, बसा." मला कुणी 'या' म्हटलेलं ते पहिलं. त्या एका शब्दासाठी मी चार वर्षं दिली. दिली म्हणजे मनापासून दिली.

बैठक संपवून बाहेर आलो की चपलांवर पीठ बसलेलं असायचं. खालून येणारं पीठ जिन्यात तरंगत असायचं, ते सगळ्यांवर सारखंच उतरायचं. कार्यवाहांच्या कोल्हापुरी, श्रीरंगरावांचे चामडी सँडल, पट्टा बदललेल्या माझ्या रबरी स्लिपरा. सगळं पांढरं. मी दर गुरुवारी ते बघायचो. हीच समता, असं मला वाटायचं. पायात सरकवून खाली उतरलं की चार पावलांत पीठ झडायचं आणि ज्याचं त्याचं चामडं वर यायचं, तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

श्रीरंगराव माझ्याच वर्गात. वडील बँकेत, नवीन पनवेलला स्वतःचा ब्लॉक. मुलगा वाईट नव्हता. हसरा, गळ्यात हात टाकणारा. माझी भाषा सुधारायचं त्यानं मनावर घेतलं होतं.

"'नाय' नाही हो राव, 'नाही'. तो ह गिळू नका, पोटात वायू धरेल."

सगळे हसायचे. मीही हसायचो. आणि घरी येताना, एस.टी.च्या खिडकीशी बसून, ओठांतल्या ओठांत म्हणत यायचो: आहे, नाही, आम्ही, तुम्ही. गव्हाण फाट्याशी गाडी वळली की खाडीचा वास खिडकीतून आत यायचा. चिखलाचा, सुकत्या मासळीचा, आणि थंडीच्या दिवसांत कुठंतरी शेकत ठेवलेल्या वालाच्या शेंगांचा. पुढं मिठाचे ढीग, संध्याकाळच्या उजेडात निळसर. मी आहे-नाही करत त्यातून जायचो. घरात शिरताच शेजारचा दामा, माझा लहानपणापासूनचा सोबती, माझ्यामागून त्याच कॉलेजात आलेला, ओट्यावरून ओरडायचा, "आरं, रेडिओ लागला रं! बातम्या ऐका, बातम्या!"

बाप मात्र खूश असायचा. त्याला वाचता येत नव्हतं. पण माझ्या प्रवेशाच्या वेळी तो कॉलेजात आला होता आणि दर्शनी भिंतीवरची लाकडी पाटी त्यानं बघून ठेवली होती. काळी पॉलिश केलेली पाटी, तिच्यावर पिवळ्या रंगात दर वर्षीच्या जी.एस.चं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या सचिवाचं, पूर्ण नाव. "ही कोनाची नावां?" त्यानं विचारलं होतं. मी सांगितलं. तो खालची रिकामी जागा बघत राहिला. "आपला बी लागंल का? तुजा, माजा, घराचा, समदा?"

घराचा म्हणजे आडनाव. मी म्हणालो, लागेल.

मी ते उगाच म्हटलं नव्हतं. मार्क माझे चांगले होते. वक्तृत्वाच्या ढाली मी आणायचो. आणलेली ढाल मंडळात ठेवायची पद्धत होती, घरी न्यायची नाही, म्हणून बापानं एकही पाहिली नाही. मोर्चात घोषणा मी द्यायचो. त्या वर्षांत राखीव जागांवरून कॉलेजाकॉलेजांत रणं पेटली होती. मंडळात गुणवत्तेच्या बाजूनं सगळ्यात जोरदार भाषण माझंच झालं. का नाही व्हावं? खोलीत सगळ्यात जास्त मार्क माझेच होते. मला सवलत नको होती. स्पर्धा हवी होती, तीही खरी. माधवरावांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "तुमच्या तोंडून हे येतं तेव्हा त्याला वजन येतं." तुमच्या तोंडून. मी ते शब्द उराशी धरून घरी आलो. किती वर्षं धरून होतो.

शेवटचं वर्ष. निवडणूक जवळ आली. मंडळाचा उमेदवार कोण, हे माधवराव सांगणार. सूत्राप्रमाणे मी काही मागितलं नाही. मागणारा हलका, हे आमच्या रक्तात भिनवलं होतं. दामा मात्र रोज डोकं खायचा.

"तू बोललास का त्यांना?"

"मागायचं नसतं. चालून येतं."

"आरं, एस.टी. बी हात केल्याबिगर थांबत नाय."

मंडळाची एक रीत होती, घरोघर जायची. दर रविवारी कुणाच्या तरी घरी दोघं-तिघं जाऊन यायचे, आई-वडिलांशी बोलायचे. सगळ्यांची घरं झाली होती, काहींची दोनदा. माझ्याकडे यायचं ठरायचं आणि राहायचं; जासई लांब पडतं. त्या वर्षी मात्र एका रविवारी माधवराव आले. स्कूटरवरून, एकटे.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी ते फार चांगले वागले. अंगणात चपला काढल्या, आणि दाराशी बापाच्या फाटक्या चपला पडल्या होत्या, मिठानं कडा पांढऱ्या झालेल्या, त्याही उचलून स्वतःच्या चपलांशेजारी सरळ लावल्या. बाप बघत राहिला. बापाच्या टाचांना भेगा, त्या भेगांत मीठ जाऊन बसलेलं. तो पाय आखडून बसला होता. माधवरावांनी तांदळाची भाकरी खाल्ली, आणखी मागून खाल्ली. मग मिठागर बघायला निघाले. वाफ्यांतून मीठ ओढायचं फावडं हातात घेऊन पाहिलं. पाणी कधी आत घ्यायचं, कधी बंद करायचं, सगळं विचारलं.

निघताना बाप म्हणाला, "सायेब, पोराचा नाव लागंल ना त्या पाटीवर?"

माधवरावांनी त्याचा हात हातात घेतला. "काका, मंडळात नाव मोठं नसतं. काम मोठं."

बाप हसला. त्याला ते हो वाटलं. मलाही.

मग ते दामाकडे वळले, गावातली बाकीची पोरंही जमली होती, त्यांच्याशी बोलत बसले. कोण कुठल्या वर्गात, कोण कुणाचा भाऊ, कुठल्या गावची किती मुलं कॉलेजात. स्कूटर गेल्यावर बाप म्हणाला, "मानूस चांगला हाय. माजे जोडे त्यानं सरल लावले." पुढं कितीतरी दिवस तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होता.

गुरुवारी गिरणीवर नाव जाहीर झालं. श्रीरंगराव.

खाली बाजरी दळत होते, तो उग्र, ओलसर वास अजून माझ्या घशात आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नंतर माधवरावांनी मला खिडकीशी बोलावलं आणि आवाज खाली नेला.

"तुम्हाला वाईट वाटलं नाही ना?"

"गुणवत्ता म्हणत होतो आपण," मी म्हणालो.

"गुणवत्ता म्हणजे नुसते मार्क नाहीत. घरचं वळण असतं, वावर असतो. प्राचार्यांपुढं बसायचं, पाहुण्यांचं स्वागत करायचं. सगळ्यांना चालेल असा चेहरा लागतो." मग खांद्यावर हात. "आणि तुमचं काम त्याहून मोठं आहे. तुमच्याकडची मुलं तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. तुमच्या समाजानं एकदा ठरवलं की तो फुटत नाही. उरणकडची सगळी मतं तुम्ही आणायची. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोला."

चार वर्षांत त्या खोलीत कुणी मला आडनाव विचारलं नव्हतं. समाज न विचारता ठाऊक होता.

मी जिन्याशी आलो. चपला ओळीत होत्या, पांढऱ्या. बाकीचे बोलत बोलत आपापल्या चपला घालून उतरत होते. कुणी म्हणत होतं, तुझ्या काकांना सांग, परवा येतो. कुणी म्हणत होतं, आईनं डबा परत मागितलाय. एकाच आळीतले, एकाच शाळेतले, एकमेकांच्या मुंजींत जेवलेले. त्यांना एकमेकांची आडनावं सांगावी लागत नव्हती, कारण ती कधी बाहेर राहिलीच नव्हती. बाहेर काय ते माझंच राहिलं होतं.

मतं आली. दामानं, बाकीच्या पोरांनी माझ्याकडे बघून दिली. प्रचारात दामा एवढंच म्हणाला, "तू सांगतोस म्हनून. त्या सँडलवाल्याला मी वलखत बी नाय." श्रीरंगराव जिंकला, गुलाल उधळला, माझ्या गळ्यात पडला. पाटीवर त्याचं नाव लागलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनाव ठळक. रंगारी ते रंगवत असताना मी तिथून वर्गात गेलो. टर्पेंटाइनचा वास आला की आजही मी रस्ता बदलतो.

घरी सांगायला हवं होतं. बाप वाफ्याच्या बांधावर बसून पायाला तेल लावत होता.

"आपलं मंडळ जिंकलं, बाबा."

"आन नाव?"

"नाव दुसऱ्याचं."

तो तेल चोळत राहिला. समोर वाफ्यात पाणी आटत आलं होतं, वर मिठाची पहिली पापडी धरत होती. ती धरताना बारीक कुरकुर आवाज येतो. फार शांतता असली तरच ऐकू येतो. त्या दिवशी आला.

"मंग त्यानं माजे जोडे कशाला लावले?" बाप म्हणाला.

 याचं उत्तर मला आता येतं, पण ऐकायला तो नाही. त्यानं परत कधी पाटीचा विषय काढला नाही. मी मंडळात परत गेलो नाही. पदवीचा कागद आला, त्यावर आमचं पूर्ण नाव होतं, बापानं तो काचेत घालून रस्त्याकडे तोंड करून लावला. आत बसलेल्याला नाव दिसायचं नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसायचं.

आता त्या वाफ्यांवर कंटेनर आहेत, एकावर एक रचलेले, निळे नि तांबडे. मिठाचे ढीगही तेवढेच उंच वाटायचे, पण त्यांतून पलीकडचं आभाळ उजळायचं. कळंबोलीकडून ट्रक येतात, धूळ उडते. ती सगळ्यांवर सारखी बसते. मी आता त्यावरून काही अनुमान काढत नाही.

सभागृहात भाषणं झाली. माधवराव पिकले आहेत, आवाज मात्र तसाच. म्हणाले, आम्ही जात मानली नाही, आडनावं दाराबाहेर ठेवली. टाळ्या पडल्या. श्रीरंगराव पहिल्या रांगेत होता. मला बघून उठला, गळ्यात हात टाकला, पूर्वीसारखाच. मग पडदा ओढला.

शुभ्र संगमरवर. कोरलेली नावं, त्यांत सोनेरी रंग. माधवरावांचं सगळ्यात वर, पूर्ण. खाली श्रीरंगचं, पूर्ण. कार्यवाहांचं, त्या बारक्या पोराचं, सगळ्यांचं नाव, वडील, आडनाव. मी एकेक ओळ खाली येत गेलो. शेवटून दुसऱ्या ओळीत मी होतो. नुसतं नाव, पुढे राव. त्यापुढे दगड कोरा, तिथं चांगली हातभर जागा.

लोक फोटो काढत होते. माधवराव माझ्याजवळ आले, जरा ओशाळल्यासारखे. "अरे, तुझं तेवढं राहिलं. कुणालाच आठवेना. एकमेकांना फोन करून विचारलं, कुणाकडेच नाही. शेवटी म्हटलं, मंडळात होतं तसंच राहू दे." मग हसले. "कारागीर अजून खालीच आहे. सांग, आत्ता घालून घेऊ. काय आडनाव तुझं?"

इतक्या वर्षांनी विचारलं त्यांनी. साधं, सरळ, प्रेमानंच. तोंडापर्यंत आलंही होतं. बाप आठवला, खालच्या रिकाम्या जागेकडे बघणारा. त्याला पाटीवर नाव हवं होतं. राहून गेलेलं, मागाहून कोऱ्या जागेत भरलेलं नव्हे.

"नाय सांगत," मी म्हणालो.

"काय?"

"नियम हाय ना आपला. आत इचारायचा नसतो."

 माधवरावांना वाटलं मी गंमत करतोय. ते हसले, मग हसणं अर्ध्यावर राहिलं. श्रीरंग माझ्या तोंडाकडे बघत होता. ह गिळला म्हणून आज त्यानं टोकलं नाही.

मी बाहेर आलो. दाराशी चपला सरळ रेषेत होत्या, टाचा भिंतीला, अंगठे रस्त्याकडे. मीच लावलेल्या. त्यातला माझा जोड उचलला. बरोबर मध्ये एक जागा रिकामी राहिली. हात आपोआप पुढे गेला होता, शेजारचे जोड सरकवून ती भरायला. मी तो मागे घेतला, चपला पायात घातल्या आणि रस्त्याला लागलो.